अकरा सेकंदांचा फझ

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी तिचा सर्वंकष अभ्यास करणे, हे सुशिक्षित नागरिकाचे आद्य कर्तव्य होय. पुण्यात हे कर्तव्य विशेष निष्ठेने पाळले जाते. येथे माणूस साधी छत्री घ्यायला निघाला तरी आधी चौघांचं मत घेतो. पाचवा रस्त्यात आपण होऊन मत देतो.

उत्तरेश्वर मूळचा कळंबचा. शिकायला म्हणून पुण्यात आला आणि खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला चिकटला. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा त्याला पगार मिळे. वाघोलीत फ्लॅट होता, बायको अपेक्षा होती आणि कॉलेजपासूनची एक इलेक्ट्रिक गिटार होती. ती तो चांगली वाजवी. (हे इथेच नोंदवलेलं बरं. पुढे त्याचा पुरावा मिळणार नाही.)

२०१३च्या जानेवारीत त्याच्या टीममधली संस्कृती त्याच्या टेबलापाशी आली. तिने एक गाणं लिहिलं होतं, चालही तिचीच होती. जूनमध्ये कंपनी तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार होती. त्याआधी गाणं रेकॉर्ड व्हावं, एवढीच तिची इच्छा.

"दुसऱ्या कडव्यानंतर अकरा सेकंद गिटार हवीये," ती म्हणाली. "गोड अजिबात नको. फाटलेला आवाज पाहिजे, आतून काहीतरी उसवल्यासारखा. वाजवशील?"

उत्तरेश्वरच्या अंगावर काटाच आला. सहा वर्षांत त्याच्याकडे ऑफिसात कुणी रिपोर्टखेरीज काही मागितलं नव्हतं.

"वाजवतो की! फक्त एक फझ पेडल घ्यावा लागेल. आठ दिवस दे."

फझ म्हणजे पायाने दाबायची एक लोखंडी डबी. गिटारचा स्वच्छ सूर एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने फाटका, खरखरीत होऊन बाहेर पडतो. (सूर फाटका करण्याची इतर साधने, उदाहरणार्थ सरावाचा अभाव, अधिक सुलभ असली तरी तज्ज्ञांना मान्य नाहीत.) अशा डब्या जगात किती, याचा शोध घेता पहिल्याच आठवड्यात १६३ निघाल्या. उत्तरेश्वरने तक्ता केला. त्यात सत्तावीस रकाने होते: रंग, वजन, बटणाचा टकटकाट, पावसाळ्यात गंजण्याची शक्यता वगैरे. सत्ताविसावा रकाना 'आवाज' हा होता. आधीचे सव्वीस भरल्याशिवाय तो भरणं अशास्त्रीय ठरलं असतं.

शिवाय या क्षेत्रात दोन पंथ आहेत. जुने लोक आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असलेल्या डब्या मानतात, नवे सिलिकॉनच्या. जर्मेनियमचा आवाज उबदार, पण उन्हाळ्यात तो बिघडतो. आता आवाज बिघडवण्यासाठीच बनवलेली वस्तू बिघडली, तर ती बिघडली म्हणायची की सुधारली? या प्रश्नावर इंटरनेटवर ४१२ पानांची चर्चा त्याला सापडली. ती त्याने संपूर्ण वाचली आणि हॉलमध्ये थर्मामीटर टांगलं.

मार्चमध्ये संस्कृतीने विचारलं, "अरे, झालं का? कुठलाही चालेल रे."

'कुठलाही' हा शब्द त्याच्या जिव्हारी लागला. कुठलाही का चालत नाही, हे त्याने तिला कँटीनमध्ये चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. तेवढ्या वेळात ते अकरा सेकंद २१८ वेळा वाजवून झाले असते.

एप्रिलात त्याने कात्रजच्या एका शौकिनाकडून दोन्ही पंथांचे एकेक पेडल आठ दिवसांच्या बोलीवर आणले. निःपक्षपाती चाचणीसाठी अपेक्षाला आणि गावाहून आलेल्या आईला, यमुनाबाईंना, सोफ्यावर पाठमोरं बसवलं. आधी एक वाजवला, मग दुसरा.

"कोणता बरा वाटला?"

"आधी गिटार तर बरी कर," यमुनाबाई म्हणाल्या. "दोन्ही बारीला बिघडल्यावानीच वाजायलीय."

"मला पहिला आवडला," अपेक्षा म्हणाली.

"का पण?"

"लवकर संपला."

दुसऱ्या दिवशी उकाड्याने म्हणा किंवा हाताळणीने म्हणा, जर्मेनियमचा पेडल बंदच पडला. उत्तरेश्वर तो घेऊन तपकीर गल्लीतल्या दत्तोबांकडे गेला. दत्तोबा चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करत होते.

"खरखर येत होती का यातून?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"हो, भरपूर."

"उद्या या."

दुसऱ्या दिवशी दत्तोबांनी पेडल जोडून दाखवला. त्यातून गिटारचा सूर अभिषेकाच्या पाण्यासारखा नितळ बाहेर पडला. "आतले दोन जुनाट भाग फेकून दिले. मूळ जोडणीच चुकीची होती. आता शपथेला खरखर सापडायची नाही."

"अहो, खरखरीसाठीच असतो तो!"

दत्तोबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग दुरुस्तीला कशाला आणलात?"

उत्तरेश्वरने घाबरत घाबरत तो मालकाला परत नेऊन दिला. मालकाने वाजवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! किती मोकळा झालाय!" त्यामुळे पूर्वीच्या सर्व निष्कर्षांचा फेरविचार करणं भाग पडलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात संस्कृतीचा फोन आला. "रविवारी सकाळी स्टुडिओ घेतलाय. पेडल असो नसो, तू ये."

रविवारी सकाळी त्याने कपाटावरून गिटार काढली. तारा गंजल्या होत्या. बोटांच्या टोकांवरचे घट्टे, जे पडायला पाच वर्षं लागली होती, ते जाऊन तिथे माऊसवाल्याची मऊ कातडी आली होती. ते अकरा सेकंद त्याने एकदा वाजवून पाहिले. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मध्येच थांबला आणि अपेक्षा चहा घेऊन आलेली पाहून गिटार खाली ठेवली. संस्कृतीला त्याने निरोप धाडला: "अंतिम फेरीत तीन उरलेत. उद्या त्यांचा तुलनात्मक व्हिडिओ येतोय. घाई करायला नको."

जूनमध्ये ती गेली. जुलैत तिचं गाणं इंटरनेटवर आलं. उत्तरेश्वरने ते दार लावून हेडफोनवर ऐकलं. दुसरं कडवं संपलं आणि तो आवाज आला. फाटका, उसवलेला, बरोबर तिने मागितला होता तसा. अकरा सेकंद तो श्वास धरून बसला. नंतर त्याने जाणकारांच्या चर्चेत सविस्तर निर्वाळा दिला: जर्मेनियम, साठच्या दशकातला, बॅटरी निम्म्याहून कमी, खोलीचं तापमान चोवीस. ३१६ जणांनी सहमती नोंदवली.

शेवटी न राहवून त्याने तिलाच विचारलं, "कोणता पेडल वापरलास?"

तिचं उत्तर आलं: "तोंडाने केला रे. चहाच्या कागदी कपाला भोक पाडून. तू आला नाहीस ना."

उत्तरेश्वरने तक्ता उघडला, १६४वी ओळ घातली आणि वजनाच्या रकान्यापाशी अडला.

ही हकिकत आजवर ४७ जणांना सांगून झाली आहे. त्यांपैकी ३१ जणांनी विचारलं, "पण शेवटी त्याने घेतला कोणता?" बारा जणांना कप किती मोठा होता ते हवं होतं, चौघांना हेडफोनची कंपनी. संस्कृतीचं गाणं कशाबद्दल होतं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

आपला क्रमांक अठ्ठेचाळीस.