मगदूम सर आणि सरासरी

आमच्या मगदूम सरांसमोर ‘सरासरी’ म्हणायचं नाही. ‘एकंदरीत’सुद्धा नाही. शिपाईमामांनी एकदा सहज विचारलं, “काय सर, एकंदरीत बरं हाय न्हवं?” सर जिन्यातच थांबले. “एकंदरीत म्हंजे? सोमवारी ताप होता, मंगळवारी उतरला. आजचं इचारा की!”

सर शिवाजी पेठेतले, चिडले की पेठेचीच भाषा. शिकवतात पदार्थविज्ञान, जीव मात्र दूरच्या सक्रिय दीर्घिकांत. मला कळलंय ते एवढंच : अशा दीर्घिकेच्या मधोमध प्रचंड कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू तापून अतिनील प्रकाश फेकतो. तो प्रकाश कधी भडकतो, कधी मंदावतो. आपली हवा तो अडवते, म्हणून अवकाशातल्या दुर्बिणीचे आकडे घेऊन आम्ही तारखेनुसार आलेख काढतो.

माझा एमएस्सीचा प्रकल्प अशाच एका दीर्घिकेवर होता. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे नीटनेटकं दिसतं ते बरोबर, अशी माझी समजूत. आलेख फारच वरखाली होत होता. मी दर दहा दिवसांची सरासरी घेऊन तो छान सपाट केला.

कागद बघून सर लालबुंद. “आरं, डांबरी रस्त्यावर रोलर फिरवल्यागत फिरवलास की! ती तिथं एवढी भडकली, आणि तू हितं तिला गप बसवलीस?”

“सर, मला ती चूक वाटली...”

“वाटली! रेघ खाली-वर गेली तर का गेली ते इचारायचं, का पुसून टाकायचं?”

परीक्षेच्या तोंडावर माझं नाव फलकावर लागलं. हजेरी कमी, हॉलतिकीट नाही. म्हणजे वर्ष वाया. घाबरतच सरांना सांगितलं, तर ते मला घेऊन थेट कार्यालयात.

क्लार्क म्हणाले, “सर, सत्राची सरासरी कमी भरतीय. नियम म्हंजे नियम.”

मी डोळेच मिटले.

सरांनी मस्टर ओढलं आणि पाठकोऱ्या कागदावर माझ्या हजेरीचा आलेख काढला. सरळ रेघ, जानेवारीत एकदम खड्डा, पुन्हा सरळ रेघ. “बघा! पोरगं रोज येतंय. ह्ये चार आठवडं तेवढं न्हाय. हितं काय झालं, इचारलं का कुणी?”

क्लार्क कागदावर वाकले. सरांचं बोट खड्ड्यावरच राहिलं. आवाज खाली आला. “मी तर ह्याचा गाईड. रोज ह्यो माझ्याम्होरं बसतोय. मी बी न्हाय इचारलं.”

क्लार्कनी चष्मा काढला. “कारणाचा अर्ज द्या, तुमची सही घाला. हॉलतिकीट काढतो.”

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी अडखळत सांगितलं : आई दवाखान्यात होती, म्हशींच्या दोन्ही वेळच्या धारा माझ्यावर, मुरगूडहून येणं जमेना. सर शब्दन्‌शब्द लिहून घेत होते. सही केली आणि तिच्याकडेच बघत राहिले.

“माझी आई गेली तवा मी चौदा दिवस रजेवर होतो,” ते म्हणाले. “परत आलो, तर सगळ्यांनी इचारलं, बुडालेलं तास कवा घेणार?”

सरांना असं विचारावं की नाही, मला कळेना. तरी विचारलं, “काय झालतं सर, आईंना?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं, अर्ज बाजूला ठेवला आणि सांगायला लागले.