डब्यातले व्रत

भाऊंनी पोह्यांची बशी हाती घेतली, पहिला चमचा तोंडात घातला आणि मगच नकार सांगितला. स्थळे जुळवणाऱ्या माणसाला हा क्रम पाळावाच लागतो. नकार आधी सांगितला तर पोहे येतीलच याचा भरवसा नसतो.

"मुलगी पसंत आहे हो. रूप, शिक्षण, नोकरी, सगळं झकास. पत्रिकासुद्धा जमते," भाऊ म्हणाले. "पण मुलाची आई काय म्हणाली, सांगू? राग मानू नका. म्हणाली, आज मुलगी छडीसारखी आहे, पण चाळिशीनंतर तिचं काय होणार ते समोर सोफ्यावरच बसलं होतं."

त्या दिवशी सोफ्यावर दोघे बसले होते. शुभाचे वडील श्यामसुंदर आणि आई वनमालाबाई. श्यामसुंदरांचे पोट त्यांच्या मांडीवर झोपी गेलेल्या बाळासारखे विसावलेले असे. परंतु 'आई पाहावी आणि मुलगी करावी' असे सांगून ठेवणाऱ्या पूर्वजांनी बापाकडे पाहण्याची तसदी कोणालाच दिलेली नाही. वनमालाबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. "भाऊ, अजून थोडे देऊ?" त्यांनी विचारले. भाऊंनी बशी पुढे केली.

शुभाला सव्विसावे लागले होते आणि हा तिसरा नकार होता. पहिल्या दोहोंची कारणे कळली नव्हती. आता तीही कळली असे वनमालाबाईंना वाटले. मुलुंडचे चौथे स्थळ येत्या रविवारनंतरच्या रविवारी कांदिवलीला येणार होते.

"आई, तुझं वजन करून मला घेणारं घर मला नकोच आहे ना," शुभा म्हणाली. ती अंधेरीच्या एका कंपनीत टायपिस्ट होती आणि दिवसभर इतरांची पत्रे टंकून स्वतः मात्र एका ओळीत बोलत असे.

"तुला काय कळतंय!" वनमालाबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी धाकटी जाऊ मृणालिनी जोगेश्वरीहून आली. तिच्या भावाने अमेरिकेहून आणलेला एक मोठा डबा आणि एक काळी बाटली तिने टेबलावर ठेवली. डब्यावर एक गोरी बाई आपल्याच जुन्या पँटच्या एका पायात संपूर्ण उभी राहून हसत होती.

"फक्त नऊ दिवस, वहिनी. जेवण बंद. तीन वेळा ही पूड पाण्यात ढवळून प्यायची, आणि पहाटे या बाटलीतलं चार चमचे. आतलं सगळं साफ करतं म्हणे."

"तू घेऊन पाहिलंस?"

"मला कुठे गरज आहे?" मृणालिनी आपल्या कमरेकडे पाहत म्हणाली.

आतले सगळे म्हणजे काय, याचा विचार वनमालाबाईंनी प्रथमच केला. सव्वीस वर्षे त्या सर्वांच्या मागून जेवत आल्या होत्या. नवऱ्याने टाकलेली अर्धी पोळी, मुलीने नको म्हटलेला भात, पातेल्याच्या तळाची आमटी. अन्न हे पूर्णब्रह्म. ते टाकायचे कसे? त्यांच्या देहावर जे साठले होते ते त्यांच्या खादाडपणाचे नव्हते. ते घरादाराचे उरलेले होते.

शनिवारी पहाटे कार्यक्रम सुरू झाला. त्या इमारतीत पाणी साडेपाच ते साडेसहा एवढाच वेळ येई. काळ्या औषधाने ही वेळ पाळली नाही. ते आठ वाजता जागे झाले. बादल्या रिकाम्या झाल्या, पिंप रिकामे झाले, शेवटी पिण्याची कळशीही आत गेली. दाराबाहेर श्यामसुंदर टॉवेल गुंडाळून उभे होते.

"अगो, माझी गाडी चुकेल! मी काय बिनआंघोळीचा ऑफिसात जाऊ?"

"मृणालिनीकडे जा जोगेश्वरीला," आतून क्षीण स्वर आला. "तिला गरज नाहीये."

रविवारी शेजारच्या रत्नप्रभाबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. श्रावण चालू होता. "वनमाला, या शुक्रवारी सवाष्ण म्हणून माझ्याकडे जेवायचं हं. पुरणाचा घाट घातलाय."

"मला नाही गं जमणार."

श्रावणातल्या शुक्रवारचे सवाष्णीचे आमंत्रण कोणी मोडत नाही. रत्नप्रभाबाईंचा चेहरा उतरला. "का गं? माझं काही चुकलं का? मागे तो बादलीवरून विषय झाला, तो मनात धरलास?"

वजन उतरवते आहे, असे सांगता आले असते. परंतु मग कोणासाठी, कोण काय म्हणाले, हेही सांगावे लागले असते आणि सोफ्याची ती गोष्ट संध्याकाळपर्यंत चारी मजले चढली असती. "माझं व्रत आहे," वनमालाबाई म्हणाल्या. "नऊ दिवस अन्न घ्यायचं नाही."

"अगंबाई! कशासाठी?"

वनमालाबाईंची दृष्टी नकळत दोरीवर वाळणाऱ्या शुभाच्या ओढणीकडे गेली, आणि रत्नप्रभाबाईंचे डोळे भरून आले. "कळलं. नको सांगूस. आई ती आईच."

असत्य कधी उपाशी राहत नाही. त्याला रोज काहीतरी खाऊ घालावे लागते. मंगळवारपर्यंत इमारतीतल्या बायका वनमालाबाईंच्या पाया पडू लागल्या. कोणी खण आणला, कोणी नारळ. गुरुवारी तिघींनी ती काळी बाटली पाहिली.

"हे तीर्थ का हो?"

"नाही नाही, ते माझ्यापुरतंच..."

त्यांना हा विनय वाटला. तिघींनीही पळीभर तळहातावर घेतले, डोळ्यांना लावले आणि प्राशन केले. रत्नप्रभाबाईंनी सासूबाईंसाठी वाटीभर घरीही नेले. शुक्रवारी त्यांच्या घरी पुरण शिजले खरे, पण सवाष्णींना वाढायला कोणी फार वेळ उभे राहू शकले नाही. "दैवत भारी कडक आहे हो," त्या भिंतीला धरून म्हणाल्या. "सासूबाईंचं दहा वर्षांचं मळमळणं एका दिवसात गेलं!"

देवघरात वनमालाबाईंनी माहेरून आणलेली अन्नपूर्णा होती. बोटाएवढी, हातात पळी घेतलेली. ते नऊ दिवस त्या पूजा करीत, परंतु तिच्या तोंडाकडे पाहत नसत.

घरातले उरलेले अन्न आता कोठे जाणार? ते लहान लहान वाट्यांतून फ्रिजमध्ये साचले, आणि तेथून श्यामसुंदरांच्या पोटात. "टाकवत नाही गं," ते म्हणत. सातव्या दिवशी त्यांच्या पँटची गुंडी तुटून देवघरापर्यंत घरंगळत गेली. आठव्या दिवशी वनमालाबाई कांदिवली स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर उभ्या राहिल्या. तिकिटावर सात किलो कमी होते.

परंतु व्रत म्हटले की उद्यापन आलेच. ते रत्नप्रभाबाईंनीच ठरवले. नऊ दिवस, नऊ सवाष्णी, रविवारी सकाळी. वनमालाबाईंनी पोटात काही नसताना चाळीस पुरणपोळ्या लाटल्या आणि एकीचाही तुकडा मोडून पाहिला नाही. बायकांनी पारण्याचा घास पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "पाहुणे येऊन गेल्याशिवाय नाही." पाहुण्यांपुढे पोट दिसू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. नऊही सवाष्णींनी पुन्हा नमस्कार केला.

दुपारी चार वाजता मुलुंडची मंडळी आली. वनमालाबाईंनी बारा वर्षांपूर्वीचा निळा ब्लाउज घातला होता आणि तो सैल होत होता. मुलाची आई नलिनीबाई अंगाने भरदार, बोलायला गोड होत्या. शुभाने चहा दिला, दोन प्रश्नांची दोन उत्तरे दिली. सारे सुरळीत चालले होते. वनमालाबाईंनी मात्र हातातली कपबशी तोंडाला लावली नव्हती.

"अहो, तुम्ही काहीच घेत नाही?" नलिनीबाईंनी विचारले.

मदतीला थांबलेल्या रत्नप्रभाबाई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे झाल्या. त्यांना आता राहवेना. "त्या नाही हो घेणार! नऊ दिवस अन्नाचा कण नाही पोटात. लेकीचं लग्न जमावं म्हणून! असली आई शोधून सापडणार नाही."

नलिनीबाईंचे हसू जागच्या जागी थांबले. त्यांनी शुभाकडे पायांपासून डोक्यापर्यंत नव्याने पाहिले. "नऊ दिवस?" त्या हळूच म्हणाल्या, आणि बशीतला वडा अर्धा ठेवून उठल्या.

मंगळवारी भाऊ आले. त्यांनी सोफ्याची कड धरली आणि हवापाण्याचे बोलत राहिले. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता.

"भाऊकाका, तुम्ही आधी सांगा," शुभा म्हणाली.

"पोहे येऊ देत ना, सावकाश..."

"आधी सांगा."

भाऊंनी घसा साफ केला. "आईबद्दल त्यांची काही तक्रार नाही बरं का. म्हणाल्या, आई कशी शिडशिडीत, सोज्ज्वळ!"

"मग?" श्यामसुंदरांनी विचारले.

"म्हणाल्या, उगाच कोण नऊ दिवस उपाशी राहतंय? आईला एवढं कडक व्रत करावं लागतं, म्हणजे मुलीत काहीतरी खोट असणार. आपल्याला ती विषाची परीक्षा नको."

वनमालाबाई बशी घेऊन दारात उभ्या होत्या.

"आणि आणखी एक," भाऊ आवाज उतरवून म्हणाले. "त्यांच्या नणंदेची मुलगी चार वर्षं अडलीय. त्या व्रताची पोथी मिळेल का, असं विचारलंय."

वनमालाबाईंनी बशी टेबलावर ठेवली, आत गेल्या आणि काळी बाटली घेऊन आल्या. तीत निम्मे औषध उरले होते. "पोथी नाही. हे तीर्थ आहे. पहाटे चार चमचे घ्यायचं. आणि आधी घरातली सगळी पिंपं भरून ठेवा म्हणावं."

भाऊंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि मस्तकाला लावली. मग त्यांनी बशीकडे हात केला; परंतु ती तेथे नव्हती.

वनमालाबाई सोफ्याच्या मधोमध ऐसपैस बसल्या होत्या. श्यामसुंदरांना कडेला सरकावे लागले. वनमालाबाईंनी देवघरातल्या अन्नपूर्णेकडे एकवार सरळ पाहिले आणि खाऊ लागल्या. पोह्यांतून वाफ निघत होती. भाऊ पाहत राहिले, चमच्यामागून चमचा, बशीचा तळ दिसेपर्यंत.

"आई," शुभा म्हणाली, "अजून थोडे देऊ?"

वनमालाबाईंनी बशी पुढे केली.