आडवा होऊन मोजणारा विष्णू

आमच्या गावात काहीही नवीन बांधलं की त्याचं उद्घाटन दोनदा व्हायचं. एकदा सोसायटीचे चेअरमन नारळ फोडायचे, आणि त्याच्या आधी कधीतरी विष्णू तिथं जाऊन आडवा पडायचा.

आडवा म्हणजे अगदी पाठ टेकून, टाचा जुळवून, हात अंगालगत सरळ, डोळे उघडे. एसटीच्या निवाऱ्यात, पिठाच्या गिरणीत, लोकांच्या लग्नाच्या मांडवात. एकदा मी सोसायटीच्या ऑफिसात शिरलो तर माझ्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. मी ओरडलोच. आतून शांत आवाज आला, "अण्णा, तुमच्या हाफिसात माणूस मावत न्हाई. चार बोटं भाईर ऱ्हातो."

"अरे, हे काय झोपायचं ऑफिस आहे का?"

"लोक तुमची वाट बघत इथंच आडवे होत्यात की. तुमी येळेवर येत न्हाई."

हा विष्णू त्या वेळी औरंगाबादला आर्किटेक्चर शिकत होता. मी शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात सोसायटीचा सचिव होतो. त्याचं घर माझ्या घराच्या मागं. सुट्टीला आला की खांद्यावर कागदाची लांब नळी, खिशात मोजायचा टेप आणि पायात दोन वेगळ्या चपला. गावातली पोरं विचारायची, "काय बे इंजिनेर, कवा आला?"

"इंजिनेर न्हाई. आर्किटेक्ट."

"तेच ते."

"तेच न्हाई. इंजिनेर भिंत पडंल का बघतो. मी भिंतीच्या आत माणूस मावतो का बघतो."

हे वाक्य तो इतक्या वेळा बोलायचा, की पोरं ते त्याच्याबरोबरच म्हणायची. त्याला राग येत नसे. उलट वाक्य कुणी चुकवलं तर तो दुरुस्त करायचा.

या आडवं पडण्याचं मूळ मला त्याच्या आईनं, रखमाबाईनं सांगितलं. ती आणि तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि विष्णूला बरोबर न्यायचे. तोडणीवाल्यांची कोपी म्हणजे बांबूच्या कमानी वाकवून त्यावर उसाचं पाचट टाकलेली झोपडी. "चौघं झोपायचो. ह्यो उंच. ह्याचे पाय भाईर ऱ्हायचे. थंडीनं काळेनिळे पडायचे." पुढं शिरूरच्या शाळेतल्या एका मास्तरांनी त्याला हंगामापुरतं स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, म्हणून तो शिकला. तोडणीला गेलेली बाकीची पोरं दिवाळीनंतर शाळेतून जायची आणि परत यायची तेव्हा वर्ष संपलेलं असायचं.

तिसऱ्या वर्षी त्याला कॉलेजात 'पुरात टिकणारं गाव' असा विषय मिळाला. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर आठ दिवसांनी यायचा. टँकरच्या रांगेत सगळं गाव एका जागी सापडतं म्हणून विष्णू वही घेऊन तिथंच हजर. म्हाताऱ्या किसनतात्यांना म्हणाला, "तात्या, पाणी कुठून शिरलतं?"

"कुठं शिरलतं?"

"गावात. तुमी ल्हान असताना. पूर आलता ना?"

तात्यांनी रिकामा हंडा त्याच्यापुढं केला. "टँकरच्या रांगेत पुराचं इचारतो व्हय बे? हंडा धर आधी."

विष्णूनं हंडा धरला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्यांकडून काढून घेऊन त्यानं गेरूनं भिंतींवर रेघा मारल्या. छातीएवढ्या उंचीवर, अख्ख्या खालच्या आळीत. बाया हसून बेजार. "इष्णू, पूर आणायचाच आसला तर आमच्या दारावरनं आण बाबा, भरून घिऊ."

आत्ता, दोन वर्षांपूर्वी, नदी खरोखर खालच्या आळीत शिरली. पाणी विष्णूच्या रेघेच्या वीतभर खाली येऊन थांबलं. रेघा पुसट झाल्या होत्या, पण मला जागा पाठ होत्या. मी एकट्यानं जाऊन पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. न सांगण्याची मला जुनी सवय आहे, आणि तेच मला इथं लिहायचं आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी विष्णूनं अभ्यासाला आमच्या सोसायटीचं गोडाऊन धरलं. खताचं गोडाऊन. पाऊस नाही तर खत कोण उचलणार? ते दोन वर्षं रिकामं पडलं होतं. जुनी इमारत न पाडता तिला नवं काम द्यायचं असा त्याचा विषय होता, आणि काम त्यानं ठरवलं होतं: तोडणीला जाणाऱ्यांच्या पोरांचं वसतिगृह. आईबाप जातील, पोरं इथं राहतील, शाळा बुडणार नाही. खताच्या थप्प्यांसाठीच्या ओट्यांवर पोरं झोपतील. खिडक्या खाली घ्यायच्या, आठ वर्षांच्या पोरीला बाहेरचं दिसलं पाहिजे. दिवसभर तो गोडाऊनमध्ये आडवा. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरंसुद्धा रांगेत आडवी. मी दारातून म्हणालो, "विष्णू, मेलेत की काय रे सगळे?" तर ओट्यावरून नऊ आवाज एकदम आले, "मावतोय!"

त्याला सोसायटीचं पत्र हवं होतं, की इमारत यासाठी द्यायला आमची हरकत नाही. चेअरमन मला म्हणाले, "दे की. कागदच तर हाय." मी टाईप करून शिक्का मारून दिलं.

मग सोसायटीची निवडणूक आली. विष्णूनं पुठ्ठ्याचं सुरेख मॉडेल केलं होतं. उघडणारं दार, ओट्यांवर काडेपेटीएवढी अंथरुणं. चेअरमननी ते वार्षिक सभेत टेबलावर मांडायला लावलं, हार घातला, आणि समोर दगड ठेवून त्यावर नारळ फोडला. सगळं पाणी मॉडेलच्या छपरावर. छप्पर फुगून वर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विष्णू रुमालानं छप्पर टिपत होता आणि त्याचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता. "अण्णा," तो माझ्या कानात म्हणाला, "नारळ फुटला. आता मागं सरता येत न्हाई त्यास्नी."

येतं, हे मला ठाऊक होतं. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी फुटलेले नारळ पुष्कळ पाहिले होते. तरी चेअरमननी सांगितल्यावर मी माझ्या वळणदार अक्षरात फलकावर लिहिलं: 'वसतिगृहासाठी नावनोंदणी सुरू.' नावंही मीच घेतली. चौदा. विष्णू रोज वही उघडून ती वाचायचा.

निवडणूक झाली. चेअरमन निवडून आले. दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी चेअरमन म्हणाले, "पोरं कोण सांभाळणार? गोडाऊनमधी जनावरांच्या छावणीचा चारा ठिवायचाय. किल्ली माझ्यापाशी हाय आन् मी गावाला गेलोय म्हण."

सकाळी गोडाऊनच्या दारात चौदा पोरं उभी होती. पोरींनी वेण्या घातल्या होत्या. प्रत्येकाजवळ एक पत्र्याची पेटी, एक ताट. रस्त्यावर टोळीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर चालूच ठेवलेला. विष्णू औरंगाबादहून मुद्दाम आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

"अण्णा, उघडा."

"किल्ली चेअरमनकडं आहे. ते गावाला गेलेत."

"कुठल्या गावाला?"

"मला काय माहीत?"

किल्ली माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होती. मला नोकरी जायची भीती होती. मी पेनाला हात लावल्यासारखं करून हात खिशावर ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिलो.

पोरांचे आईबाप जमले होते. मग एकजण विष्णूवर धावून गेला. "तूच सांगत फिरत हुतास ना? मावतोय, मावतोय? आता दाव मावून!" दुसऱ्यानं त्याच्या हातातली नकाशाची नळी हिसकून फेकली. एक बाई रडत म्हणाली, "कावून आशा लावली रं आमाला?" विष्णूनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मग एकेक पेटी उचलून तो ट्रॉलीत चढवायला लागला. चौदाही पेट्या त्यानंच चढवल्या. ट्रॅक्टर गेला.

त्याच्या परीक्षेत नकाशांचं कौतुक झालं म्हणे. पण तो उभा राहून म्हणाला, "ही इमारत उघडत न्हाई, सर." नकाशे गुंडाळले आणि निघून आला. पदवी राहिली ती राहिलीच. पुढं तो तलवाड्याकडं गवंड्यांच्या हाताखाली कामं करू लागला, लग्न केलं नाही, आणि दर दिवाळीनंतर गावातून नाहीसा व्हायचा. लोक म्हणायचे, शिकून काय झालं, ऊसच तोडतोय. मीही तेच समजत होतो. समजणं सोयीचं होतं.

गेल्या हिवाळ्यात पाहुण्यांच्या लग्नासाठी पश्चिम महाराष्ट्रात गेलो होतो. एका साखर कारखान्याच्या माळावर कोप्यांची रांग दिसली, आणि काहीतरी वेगळं वाटलं म्हणून मी गाडी थांबवायला लावली. सगळ्या कोप्या गुडघाभर उंच मुरमाच्या ओट्यावर होत्या. भोवती चर खणलेले, अवकाळी पाऊस आला तर पाणी आत न शिरता उताराला लागावं म्हणून. आणि प्रत्येक कोपी नेहमीपेक्षा दोन हात लांब. टोकाच्या कोपीपाशी विष्णू बांबू वाकवत होता. कानशिलं पांढरी झाली होती.

"अण्णा? तुमी हिकडं कुठं?"

मी तिथंच, उभ्यानं, सांगून टाकलं. सतरा वर्षं तोंडात धरलेलं वाक्य फार छोटं निघालं. "विष्णू, त्या दिवशी किल्ली माझ्या खिशात होती."

त्यानं बांबूचं टोक जमिनीत रोवलं. "ठाव हाय. टेरिलीनचा सदरा हुता तुमचा. आरपार दिसत हुती."

"मग बोलला का नाहीस?"

"लोक तापलते, अण्णा. तुमाला तुडवलं आसतं. अन् तुमच्या घरी काकूचे दिवस भरत आलते तवा." मग म्हणाला, "मला काय, धक्काबुक्कीच झाली."

एका बाईनं त्याला कोपीतून हाक मारली, भाकरी निवते म्हणून. तो "आलो" म्हणाला, पण गेला नाही. हात झटकत त्यानं विचारलं, "पोरगीच झालती ना तुमाला? कितवीला हाय आता?"

"बारावीला."

"गावातच?"

"नाही. बीडला ठेवलीय. वसतिगृहात."

विष्णूचा चेहरा उजळला. मनापासून. तो माझ्या जवळ सरकला आणि म्हणाला, "झ्याक केलं. खोली केवढी हाय तिची?"

मी दोन वर्षं दर महिन्याला तिथं जात होतो. तिचा डबा, कपडे, पुस्तकं दारात देऊन परत फिरत होतो. विष्णू उत्तराची वाट बघत होता, आणि मला ते माहीत नव्हतं.