नमुन्याबरहुकूम दात

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर प्लास्टरचे तीन जबडे मांडले आणि स्टोअरकीपरांनी चष्मा चढवून मालतपासणी सुरू केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कारखान्याचं भांडार सांभाळलेल्या माणसाला समोरची वस्तू उलटून पाहिल्याशिवाय राहवत नाही. हिरड्यांनी दगा दिल्यामुळे वरचे पुढचे चार दात गेले होते आणि त्यांच्या जागी काय बसवायचं ते आज ठरायचं होतं. बायको आणि मुलगाही आले होते. त्यांना कुणी विचारणार नव्हतं, म्हणून ते निवांत बसले होते.

"ही काढता-घालता येणारी कवळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सुटी वस्तू हरवते. पुढचं दाखवा."

"हा ब्रिज. दोन्ही बाजूंचे शाबूत दात थोडे घासायचे आणि त्यांच्या आधाराने..."

"म्हणजे गैरहजर हे चौघे, आणि घासायचं कामावर हजर असलेल्यांना?"

"मग इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचे, त्यांच्यावर दात."

स्टोअरकीपरांचा चेहरा उजळला. "स्क्रूचे आटे बघू."

आटे बघून झाले, धातू कुठला ते विचारून झालं, गंजण्याबद्दल शंका काढून झाली आणि स्क्रू मंजूर झाले. हाडाने ते घट्ट धरायला काही महिने लागणार होते. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोवर तुमचा एक जुना फोटो शोधून ठेवा. दात दिसतील असा. म्हणजे अगदी होते तसे करता येतील."

ही अट स्टोअरकीपरांना फारच पटली. त्यांनी नोकरीभर दुसरं केलं काय होतं? नवा पाना मागायला आलेल्या फिटरला ते खिडकीतूनच सांगत, "जुना दाखव, मग नवा देतो." नमुन्याशिवाय माल नाही.

घरात फोटोंना तोटा नव्हता. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत स्टोअरकीपर आलेल्या खुर्च्या परत जातील की नाही या काळजीत उभे होते. दुसऱ्या एका फोटोत नुकत्याच जन्मलेल्या मुलाकडे ते बिल न जोडता आलेल्या मालाकडे बघावं तसे बघत होते. सगळीकडे ओठ सीलबंद. हसऱ्या स्टोअरकीपरचं भांडार रिकामं व्हायला वेळ लागत नाही, असं त्यांचं मत होतं. भांडाराच्या किल्ल्या ते रोज संध्याकाळी कारखान्यात ठेवून यायचे. चेहरा मात्र घरी घेऊन यायचे.

"बाबा, तुम्ही एकाही फोटोत हसलेले नाहीत," मुलगा म्हणाला.

"फोटो काढताना हलायचं नसतं."

मग नातेवाइकांना फोन झाले. बहिणीने धुंडाळून एक फोटो पाठवला, त्यात ते कुणाच्या तरी खांद्यामागे होते. लग्न होऊन गेलेली मुलगी फोनवर म्हणाली, "बाबांचे दात ना? एक वाकडा होता बहुतेक."

"छे, सरळ होते," मुलगा म्हणाला.

"मधे फट होती," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "पुढच्या दोन दातांत."

"तुला काय माहीत?" स्टोअरकीपरांनी विचारलं.

"तुम्ही दोघे भाऊ मला बघायला पहिल्यांदा आमच्या घरी आलात, तेव्हा माझ्या हातून कपबशांचा अख्खा ट्रे उलटला. सगळे चिडीचूप. तुम्ही तेवढे खदखदून हसलात. मान वर करायचा धीर नव्हता मला, पण दात दिसले. म्हटलं, या माणसाबरोबर निभेल आपलं."

"मग?"

"मग काय? पुढे तुम्हाला भांडार मिळालं."

घरच्या तिघांची तीन मतं, आणि ज्याचे दात त्याला काहीच आठवत नव्हतं. आपण आरशात फक्त दाढीपुरतं बघत आलो, हे स्टोअरकीपरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि वाईट वाटलं.

शेवटी कारखान्यातला एक जुना फिटर मदतीला धावला. भांडारासमोर कुणीतरी काढलेला फोटो त्याने पाठवला. हरवलेल्या एका पान्यावरून स्टोअरकीपर कडाडून ओरडत होते. बत्तीसच्या बत्तीस दात स्वच्छ दिसत होते, पहिल्या रांगेत बसल्यासारखे. वाकडा एकही नव्हता. फटही नव्हती.

"आई, फट नाहीये गं," मुलगा म्हणाला.

"नसेल. माझाच काहीतरी घोटाळा झाला असेल," असं म्हणून ती भाजी निवडायला बसली.

स्टोअरकीपर मात्र फोटो हातात धरून बसून राहिले. त्यांना तो दिवस आता लख्ख आठवला. ट्रे उलटला तेव्हा त्यांनी फुटलेले कप मोजले होते. हसले होते ते थोरले भाऊ. फट त्यांच्या दातांत होती. थोरल्यांना जाऊनही आता वर्षं झाली. म्हणजे हिला नमुना दाखवला गेला एक आणि माल पोचला दुसराच. फिटरांना नमुन्यावाचून परत पाठवणाऱ्या माणसाच्या घरातच हा व्यवहार झाला होता आणि या बाईने इतकी वर्षं एक शब्द न काढता तो माल वापरला होता.

स्क्रू पक्के झाल्यावर ते मुलाबरोबर दवाखान्यात गेले. फोटो खिशात होता, तो खिशातच राहिला.

"नमुना मिळाला नाही," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "पण मधे फट होती. घरच्यांनी पाहिलेली आहे."

मुलगा काहीतरी बोलणार होता. स्टोअरकीपरांनी त्याच्याकडे भांडाराच्या खिडकीतून बघावं तसं बघितलं.

नवे दात बसले, तेव्हा बरोबर बायको होती. फट झकास झाली होती. घरी परतताना ती त्यांच्या तोंडाकडे बघत चालली. मग म्हणाली, "छान बसलेत हो तुम्हाला, भाऊजींचे दात."

स्टोअरकीपर रस्त्यातच थांबले. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. भाऊजी जेवताना हसले की!"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलून काय? दिलेला माल तुम्ही परत कुठे घेता?"

"आणि फट माझी म्हणून का सांगितलंस?"

"तुला काय हवंय, असं मला कुणी कधी विचारलं नाही हो. दातांचा विषय निघाला, म्हटलं, सांगून बघावं."

चुकलं, असं म्हणायला स्टोअरकीपरांनी तोंड उघडलं, तर फटीतून नुसती शिट्टी वाजली. ती ऐकून ते स्वतःच हसले. सवय नसल्यामुळे जरा उशिरा, आणि नको तितक्या मोठ्याने. पलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

"अहो, पुरे," बायको त्यांचा हात ओढत म्हणाली. "भाऊजीसुद्धा एवढं हसायचे नाहीत."