दस्तगीरचाचांचं न मागितलेलं कार्ड

हे मी आजवर कुणालाच, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही. दस्तगीरचाचांनी आमची बँक सोडली ती माझ्यामुळे.

बँक सोडताना चाचा शाखेतल्या प्रत्येकाच्या मनगटाला अत्तर लावत. औंधला यमाईच्या देवळाच्या वाटेवर त्यांचं अत्तर-कुंकवाचं दुकान. खातं म्हणजे त्यांच्या लेखी सोयरीक. मोडायची तर रीतीनं. आमच्याआधी तीन बँका त्यांनी अशा सुगंधी करून सोडल्या होत्या. कुणी मेसेजचे पैसे कापले, कुणी शिल्लक कमी म्हणून दंड. रक्कम चहापाण्याएवढी.

"पैशाचं न्हाई वो साहेब. इचारलं का?"

हॉटेलवाल्यानं चहात आलं घातलं तरी हेच.

"आवं चाचा, आल्याचं पैसं कुठं घेतोय मी?"

"पर इचारलं का?"

माझ्यावर कार्डांचं टार्गेट होतं. चाचांच्या फॉर्मवर एटीएमच्या चौकटीत मीच खूण केली. कार्ड आलं, ते माझ्या खणात पडून राहिलं. वर्षानं त्याचा आकार चाचांच्या खात्यातून कापला गेला.

चाचा पासबुक घेऊन आले. "हे कशाचं?"

"मशीन कापतंय, चाचा. माझ्या हातात काही नाही."

"मग तुमचा काय दोष," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कुपी घेऊन आले. मला जरा जास्तच अत्तर लावलं.

पैसे त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले. तिथं कसलाच आकार नव्हता. चेअरमन उठून खुर्ची द्यायचे, विचारपूस करायचे. दोन वर्षांत तिला कुलूप लागलं, पैसे अडकले. त्याच पैशांवर चाचींचं काचबिंदूचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं. ते लांबत गेलं, आणि चाचींची नजर गेली.

गेल्या वर्षी औंधला गेलो. चाची दुकानातच बसल्या होत्या. चाचा बांगड्या हातात घेऊन त्यांच्यासमोर उकिडवे.

"हिरव्या घालू का लाल?"

"मला कुठं दिसत्यात? घाला कुठल्याबी."

"तसं न्हाई. तू सांग."

गिऱ्हाईक ताटकळत होतं. चाचा हलले नाहीत.

"लाल," शेवटी चाची म्हणाल्या.

मग मला बघून चाचांनी स्टूल पुसलं. चाचींना म्हणाले, "ह्येच ते बँकेतलं साहेब. एवढ्या बँका फिरलो, पर तोंडावर खरं सांगणारा ह्यो एकच माणूस भेटला."

मी चहा घेतला आणि परत आलो.

ते मशीन नव्हतं, मी होतो. हे त्यांना सांगायचं देणं माझ्याकडं अजून आहे.