चौदा महिन्यांच्या मालकीणबाई

लुमी एकदाची झोपली तेव्हा तीनला दहा कमी होते. क्रिस्टाने श्वास रोखून खोलीचं दार ओढून घेतलं. ते दार कुरकुरायचं, म्हणून तिने ते बोट-बोटभर ओढलं आणि शेवटी फट तशीच सोडून दिली. बिजागरीला तेल घालून देतो, असं तिचे बाबा थंडीपासून म्हणत होते. पण ते तेलाचा डबा घेऊन येत तेव्हा लुमी नेमकी झोपलेली असे, आणि ती जागी असताना तेलबिलाची आठवण कुणाला राहणार?

सकाळची कॉफी तिसऱ्यांदा गरम करून क्रिस्टा खाली येऊन बसली. दिवसभरात पहिल्यांदाच तिची पाठ खुर्चीला टेकली होती. तिने कप ओठाशी नेला आणि वेस्ट एंड स्टर्जन्सने गोल केला.

हे तिला मॅच न बघता कळलं, कारण भोंगा वाजला. एक लांब, दोन आखूड. काचा थरथरल्या, कॉफी हिंदकळली. क्रिस्टा दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावली, दार धाडकन लोटून आत पाहते तर लुमीचे डोळे टक्क उघडे आणि खालचा ओठ बाहेर. पुढचं सगळ्या आयांना माहीत असतं.

भोंगा होता लोहखनिज वाहणाऱ्या एका बोटीचा, आणि तो वाजवणारा माणूस क्रिस्टाचा सख्खा बाप. रॉय हाकाला हे त्या बोटीच्या इंजिनावर एकतीस वर्षं होते. बोट मोडीत निघाली तेव्हा बाकीच्यांनी आठवण म्हणून घड्याळं नि कंदील नेले. रॉयनी भोंगा नेला. पुढे गल्लीतल्या लोकांनी पन्नास-पन्नास डॉलर काढून, सगळेच मालक होऊन, फुटबॉलचा क्लब उभा केला, तेव्हा त्यांनी तो मैदानाच्या कोपऱ्यात हवेच्या टाकीला जोडून दिला. संघाने गोल केला की भोंगा. मैदान क्रिस्टाच्या घरापासून दोन घरं सोडून.

आठ वर्षं यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, कारण स्टर्जन्स फारसे गोल करत नसत. या उन्हाळ्यात मात्र संघाला काय झालं होतं कोण जाणे, ते मॅचमागे चार-चार गोल करत सुटले होते. क्रिस्टा स्वतः क्लबची एक मालकीण, लहानपणापासून याच डुलुथ गावची, आणि दर शनिवारी दुपारी ती आपला संघ हरावा म्हणून मनोमन देवाला आळवत होती. नवरा डेव्हन इस्पितळात नर्स. त्याची पाळी शनिवार-रविवारी, त्यामुळे आळवायला ती एकटीच.

त्या दिवशी पाच गोल झाले. पाचव्या भोंग्याला ती वर धावली, रडणारी लुमी काखेत मारून खाली आली, आणि एका हाताने लॅपटॉप उघडून तिने क्लबला ठराव पाठवला: 'भोंगा कायमचा बंद करावा.' मग ती लुमीशेजारी आडवी झाली आणि ठरावाचं विसरूनही गेली.

क्लबमध्ये कुठल्याही मालकाने ठराव मांडावा आणि सगळ्यांनी मत द्यावं अशी रीत. शर्टाचा रंग मतदानाने, सॉसेजवरची मोहरी पिवळी की तपकिरी तेही मतदानाने. मोहरीवर तर तीन सभा झाल्या होत्या. क्रिस्टाच्या ठरावावर संध्याकाळपर्यंत चाळीस सह्या पडल्या. रात्रपाळीवाले, कुत्रीवाले, कानाला यंत्र लावणारे. तितक्याच जोरात दुसरी बाजूही उठली. दोन दिवसांत गल्लीत निळे झेंडे लागले, शांततेचे, आणि पिवळे झेंडे लागले, भोंग्याचे.

रॉय रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ते दर मंगळवारी वेलची घातलेला गोड पाव भाजून आणत आणि दारातूनच 'कुठंय माझी सोनी?' म्हणून हाक मारत. या मंगळवारी पाव पायरीवर ठेवलेला सापडला. बेल नाही, हाक नाही. क्रिस्टाने फोन केला.

"बाबा, आत का नाही आलास?"

"म्हटलं झोपली असेल. आवाज कशाला करा."

"टोमणा मारतोयस?"

"छे गं. मी आता दबक्या पावलांनी चालायचा सराव करतोय."

क्रिस्टाने पावाचा मोठा तुकडा तोडला आणि तसाच परत ठेवून दिला.

पुढच्या सोमवारी चर्चच्या तळघरात मतमोजणी झाली. मोजायला मार्जरीबाई. अर्ध्या क्लबला त्यांनी चौथीत शिकवलं होतं, त्यामुळे साठीतले गडीसुद्धा त्यांच्यासमोर पाय जुळवून बसत. बाईंनी मतं एकदा मोजली, चष्मा पुसून दुसऱ्यांदा मोजली, मग कॉफी घेऊन तिसऱ्यांदा.

"एकशे एकाहत्तर. आणि एकशे एकाहत्तर."

तळघरात गलका झाला.

"शांत! मालक तीनशे त्रेचाळीस आहेत. एकाने मत दिलेलं नाही." बाईंनी यादीवरून बोट फिरवलं, आणि त्या जराशा लाल झाल्या. "दिलेलं नाही म्हणजे मीच मतपत्रिका पाठवली नाही. त्यांचा ईमेल नव्हता. मालक क्रमांक तीनशे बारा. हाकाला, लुमी."

सगळ्यांनी माना वळवल्या. लुमी क्रिस्टाच्या मांडीवर बसून स्वतःचा मोजा चघळत होती.

ती जन्मली त्याच दिवशी आजोबांनी तिला मालकीण करून टाकलं होतं. त्याचं प्रमाणपत्र पाळण्याच्या वर चौकटीत लटकत होतं, आणि लुमी उठली की ते रोज क्रिस्टाला दिसायचं. पण त्याला मत चिकटलेलं असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बाई, ती चौदा महिन्यांची आहे!" क्रिस्टा म्हणाली.

"वयाची अट आपण घातलेली नाही."

"घातली का नाही?"

"सुचलं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या वर्षी कुणीतरी आपला कुत्रा मालक म्हणून नोंदवला होता, तेव्हा एवढंच लिहिलं की मालक मनुष्य असावा. लुमी मनुष्य आहे."

"पहाटे चारला नसते."

"मग तिच्या वतीने मी मत देते," क्रिस्टाच पुढे म्हणाली.

"एकाने दुसऱ्याचं मत द्यायचं नाही. नियम नऊ. शनिवारी मध्यंतरात मैदानावर सतरंजी घालू. एका टोकाला निळा चेंडू, दुसऱ्या टोकाला पिवळा. ज्याला ती आधी हात लावेल ते तिचं मत. हाक मारायची नाही, खाऊ दाखवायचा नाही. तोवर भोंगा बंद. क्रिस्टा, तिच्या तोंडातला मोजा काढ."

मग सुरू झाला प्रचार. मंगळवारी दुपारी, लुमीचा डोळा लागतो न लागतो तोच बेल वाजली. दारात निळे झेंडेवाले चौघं.

"आम्ही शांततेचं महत्त्व पटवून द्यायला आलोय."

"ती आत्ताच झोपली होती," क्रिस्टा दातओठ खात म्हणाली.

"बघा ना! म्हणूनच तर शांतता हवी."

बुधवारी पिवळे आले. गुरुवारी संघाचा कप्तान लिबान स्वतः आला, काखेत संघाचं चिन्ह, कापडी स्टर्जन मासा घेऊन, त्याला पिवळी फीत बांधलेली.

"ताई, मी प्रचाराला नाही आलो हां. मी आपला सहज."

"आणि ही फीत?"

"ती माशाची आवड," लिबान म्हणाला. मग हळू आवाजात पुढे, "खरं सांगू? गोल मारल्यावर तो भोंगा ऐकला की वाटतं, आपण कुणीतरी आहोत. नाहीतर मी दिवसभर टायर बदलतो."

त्या आठवड्यात लुमीची झोप भोंग्याने मोडली नव्हती तितकी शांततेच्या प्रचाराने मोडली. क्रिस्टाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. आणि त्यातच तिने एक पाप केलं. बुधवारी पडदे ओढून तिने घरातच सतरंजी घातली, निळ्या चेंडूमागे लुमीचा आवडता खाऊ, ओटच्या कुरकुरीत गोल कड्या ठेवल्या, आणि 'जा सोनू, घे' म्हणाली. शुक्रवारपर्यंत लुमी निळा चेंडू दिसला रे दिसला की त्याच्यावर झेप घालू लागली. क्रिस्टाला लाज वाटत होती. पण झोप लाजेपेक्षा मोठी होती.

शनिवारी मैदानावर चारशे माणसं. भोंग्यावर रॉयनी ताडपत्री टाकून ती दोरीने नीट बांधली होती. विसाव्या मिनिटाला लिबानने गोल केला. लोक ओरडले, आणि ओरडतच राहिले. भोंगा संपला की थांबायचं ही आठ वर्षांची सवय. आज थांबायचं कधी हेच कुणाला कळेना. खेळ पुन्हा सुरू झाला तरी अर्धं मैदान ओरडत होतं आणि आपले दोन बचावपटू प्रेक्षकांकडे बघून हात हलवत होते. तेवढ्यात पाहुण्यांनी गोल फेडला. एक-एक.

तीनला दहा कमी असताना मार्जरीबाईंनी शिट्टी वाजवून सतरंजी घातली. निळा चेंडू डावीकडे, पिवळा उजवीकडे. लुमीला मधोमध बसवलं. चारशे माणसं चिडीचूप.

लुमीने निळा चेंडू पाहिला आणि हातापायांवर निघाली.

नेमकी तेव्हाच क्रिस्टाची नजर कोपऱ्याकडे गेली. रॉय ताडपत्रीशेजारी उभे होते, एक हात तिच्यावर ठेवून, म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा. क्रिस्टाला एकदम आठवलं. ती पाच वर्षांची. आई चुलीवर बटाटे चढवत होती, आणि खाडीवरून आला एक लांब, दोन आखूड. "आले तुझे बाबा!" अनवाणी धक्क्यापर्यंत धावत जाणारी ती स्वतः. हे ती विसरली कशी?

ती हळूच सरकत उजवीकडे गेली, पिवळ्या चेंडूच्या मागे, आणि खिशातली ओटच्या कड्यांची पिशवी काढून पाठीमागे चुरचुरवली.

लुमी थांबली. वळली. पिवळ्याकडे निघाली.

तेवढ्यात डावीकडून खुळखुळ ऐकू आली. निळ्या चेंडूमागे रॉय येऊन उभे होते, निर्विकार चेहऱ्याने आभाळाकडे बघत, आणि खिशातल्या किल्ल्या वाजवत होते. त्या किल्ल्यांसाठी लुमी जीव टाकायची.

लुमी पुन्हा वळली.

"बाबा, काय करतोयस!" क्रिस्टा ओठ न हलवता कुजबुजली.

"तुला झोप नको?" रॉय आभाळालाच म्हणाले. "तू काय करतेयस ते सांग."

"मला भोंगा हवाय!"

"आता सांगतेस?"

कड्या चुरचुरल्या. किल्ल्या खुळखुळल्या. मालकीणबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एक दीर्घ जांभई दिली, सतरंजीवर गाल टेकला आणि ढुंगण वर करून झोपून गेल्या.

मार्जरीबाईंनी वाकून खात्री केली.

"मालक क्रमांक तीनशे बारा तटस्थ. म्हणजे बरोबरी. बरोबरीत ठराव पडतो, नियम चौदा. भोंगा राहील." मग चष्म्यावरून दोघा बापलेकींकडे पाहत त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं. चौथीतसुद्धा तुम्हा हाकालांना कॉपी करता येत नव्हती."

उत्तरार्धात शेवटच्या पाच मिनिटांत लिबानने दुसरा गोल मारला. चारशे माणसांनी ओरडायला तोंडं उघडली आणि तशीच उघडी ठेवून रॉयकडे पाहिलं. रॉयनी ताडपत्री काढली होती, पण त्यांचा हात भोंग्याच्या दोरीपाशी अडला होता. दहा पावलांवर क्रिस्टा उभी होती आणि तिच्या खांद्यावर लुमी गाढ झोपली होती.

"नको," रॉय म्हणाले. "उठेल."

"वाजव, बाबा."

"अगं, पण..."

"बाबा, वाजव म्हणते ना!"

एक लांब. दोन आखूड. समोरच्या छपरावरचे पक्षी उडाले, कुणाचीतरी टोपी पडली. क्रिस्टाने डोळे मिटून घेतले आणि रडण्याची वाट पाहिली. काही नाही. तिने डोळे उघडून खांद्याकडे पाहिलं. लुमीने ओठांचा मचमच आवाज केला, गाल फिरवला, आणि झोप पुढे चालू.

"दहा पावलांवर!" रॉय म्हणाले. "मग घरी कशी उठते गं ती?"

दोघं लुमीला घेऊन घरी आले. मागून लोकांचा जल्लोष, गाड्यांचे हॉर्न, कुणाचा तरी ढोल. लुमी मेल्यासारखी झोपलेली. ते पायऱ्या चढले. क्रिस्टाने नेहमीसारखं दार लोटलं.

कुर्रर्रर्र.

लुमीचे डोळे टक्क उघडले. खालचा ओठ बाहेर आला.

क्रिस्टाने दाराकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. उन्हाळाभरात प्रत्येक गोलाला, लुमी उठली का हे बघायला, ती हे दार धाडकन उघडत आली होती. भोंगा वाजायचा, ती धावायची, दार ओरडायचं.

रडणारी नात रॉयनी आपल्याकडे घेतली आणि तिच्या हातात किल्ल्या दिल्या.

"बाबा," क्रिस्टा म्हणाली, "हे बाईंना सांगायचं नाही."

"नाही."

"लिबानलाही नाही."

"कुणालाच नाही," रॉय जिना उतरत म्हणाले. "तेलाचा डबा घेऊन येतो. घालू ना? का आधी ठराव मांडतेस?"