जिन्यावरचा तास

बाप-लेक रोज घरून एकत्र निघत आणि कॉलेजच्या अलीकडच्या वळणावर एकमेकांना अनोळखी होत. ही अट लेकीची. "कॉलेजात तुम्ही माझे बाबा नाही. सर. तेही बाकीच्यांचे असाल तेवढेच," असं तिने प्रवेश घेतला त्याच दिवशी बजावलं होतं. आडनाव इतकं सर्रास होतं की वर्गात त्या आडनावाची आणखी चार मुलं होती, त्यामुळे हजेरी घेतानाही बिंग फुटत नव्हतं. सरांनी अट निमूटपणे मान्य केली होती, कारण ती का घातली ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. शाळेच्या शेवटच्या पालकसभेत त्यांनी उभं राहून 'मुलं अभ्यास का टाळतात' यावर वीस मिनिटं भाषण ठोकलं होतं आणि उदाहरणाला घरचीच मुलगी घेतली होती. त्यानंतर ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. पुन्हा तिला आपली लाज वाटावी असं काही हातून होऊ नये, एवढी एकच इच्छा मनात धरून सर हे वर्ष काढत होते.

पहिल्या वर्षाला ते 'मानवी वर्तनाची ओळख' हा विषय शिकवत. म्हणजे एकटा असताना शहाणा असलेला माणूस चौघांत गेला की त्याचं काय होतं, ते. विषयावर सरांची हुकूमत होती. फक्त त्यात सांगितलेलं सगळं इतरांना लागू होतं, आपल्याला नव्हे, असं त्यांचं मनापासून मत होतं.

सोमवारी त्यांनी वर्गाला गृहपाठ दिला. "एक साधा सामाजिक नियम मोडायचा. कायदा नव्हे, नियम. कुणाला इजा नको, नुकसान नको. लोक काय करतात ते बघायचं आणि दोन पानं लिहून आणायची."

"कुणासमोर मोडायचा, सर?" मागच्या बाकावरून विचारणा झाली.

"कुणाहीसमोर. समाज सगळीकडे असतो," सर म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं.

ते अंगाशी यायला चोवीस तासही लागले नाहीत. मंगळवारी सकाळी सर लिफ्टमध्ये शिरले, तर आत सहा मुलं दाराकडे पाठ करून उभी. सरांच्या डोक्यात विभागाची बैठक घोळत होती. पहिल्या मजल्यापर्यंत ते दाराकडे तोंड करून होते, दुसऱ्यापर्यंत तिरके झाले, आणि तिसऱ्यावर दार उघडलं तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या हेडक्लार्कबाईंना ओळीने सात पाठी दिसल्या.

"सर, भिंतीवर काही लिहिलंय का?" बाईंनी काळजीने विचारलं.

"सर वळले! सरपण वळले!" सहाही जणांनी वह्या काढल्या.

बाईंच्या नजरेआड व्हावं म्हणून सर हाताला येईल ते बटण दाबत सुटले. दार मिटलं, लिफ्टने दोन गचके दिले आणि ती दोन मजल्यांच्या मधोमध रुसून बसली. तासाभराने सातही जणांना बाहेर काढलं, पण लिफ्ट काही हलेना. दारावर 'बंद आहे' अशी पाटी लागली, आणि ती कुणामुळे लागली हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळलं.

बुधवारी सर कॅन्टीनमध्ये चहा घेत असताना त्यांच्या वर्गातली एक मुलगी समोर येऊन बसली, सरांचाच कप उचलून तिने अर्धा चहा पिऊन टाकला, कप परत ठेवला आणि "साखर कमी आहे, सर," असं म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. सर "सॉरी" म्हणाले.

"सर सॉरी म्हणाले," असं पुटपुटत तिने ते टिपून घेतलं. आजूबाजूची टेबलं हसत सुटली. पलीकडच्या टेबलावर लेकीने डोकं पुस्तकात खुपसलं.

त्या संध्याकाळी ती घरी म्हणाली, "बाबा, सगळे हसतात हो तुम्हाला."

"तूपण?"

"नाही. मी पुस्तकात बघते."

हसली असती तर एक वेळ चाललं असतं. ते पुस्तकात बघणं सरांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी कानाला खडा लावला. आता कुणी कितीही बेमालूम सोंग आणलं तरी आपण फसायचं नाही, आणि तेही अशा रीतीने की लेकीची मान ताठ होईल.

गुरुवारी ते तासाला निघाले. लिफ्ट बंद, म्हणून जिन्याने. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर पन्नाशीचा एक माणूस पायरीवर बसला होता. पँटला ग्रीसचे डाग, शेजारी उलटलेली कॅनव्हासची पिशवी, आणि पाने, पक्कड, स्क्रू पायऱ्यांवर पसरलेले. वरच्या कठड्याला टेकून सरांचाच वर्ग उभा होता. अख्खा चाळीसचा. त्यात लेकही होती.

"ओ चष्मेवाले सर," त्या माणसाने सरांकडे बोट दाखवलं, "जरा हात देता का? पाय घसरला. उठता येईना."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. सर गालातल्या गालात हसले.

"झकास!" ते म्हणाले.

"काय झकास?"

"हे पाने पसरण्याची कल्पना. कुणाची?"

"पसरले कुठले, पडले! लिफ्ट दुरुस्त करायला आलोय मी."

"लिफ्टचा मिस्त्री आणि जिन्यावर? पटण्यासारखं तरी काही सांगा."

"अहो, लिफ्ट बंद आहे म्हणूनच जिन्यावर!"

"तयारी चांगली करून घेतलीय," सर वर बघून म्हणाले. "या, सगळे खाली या. वह्या काढा. आजचा तास इथेच."

चाळीस जण पायऱ्यांवर उतरून दाटीवाटीने उभे राहिले. सरांचा आवाज आपोआप चढला. जिन्यात तो घुमतही छान होता.

"हे गृहस्थ मदत मागतायत. इथे एकच माणूस असता तर त्याने केव्हाच हात दिला असता. पण आपण आहोत चाळीस. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी देईल. जबाबदारी वाटली जाते, आणि वाटता वाटता ती कुणाच्याच वाट्याला येत नाही."

पेनं भराभरा चालू लागली.

"अहो सर, पण माझा पाय खरंच..."

"शंका शेवटी," सर म्हणाले.

आणि मिस्त्री चक्क गप्प बसला. शिकवणाऱ्याच्या मध्ये बोलायचं नाही, हे त्याला शाळेत छडी देऊन शिकवलेलं असावं.

"आता चेहरा पाहा," सर खाली वाकले. "वेदनेचा अभिनय करताना माणूस नेहमी थोडं जास्त करतो. भुवया बघा. आणि कपाळावर..."

कपाळावर घाम होता. साधा नव्हे, ठिबकणारा. बुटाच्या वर घोटा टम्म सुजला होता. भुवया कुणालाही आवळता येतात, पण घोटा सुजवून दाखवणारा नट सरांनी पाहिलेला नव्हता. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं.

पण चाळीस पेनं पुढच्या शब्दासाठी थांबली होती. आठवडाभरात पहिल्यांदाच कुणी हसत नव्हतं. आणि लेक पुस्तकात नव्हे, थेट त्यांच्याकडे बघत होती. शिवाय वाक्य अर्धवट राहिलं होतं. सरांनी ते पूर्ण केलं. मग त्याला जोडून आणखी एक केलं.

"बाबा!"

"बाबा, पुरे! पाय मोडलाय त्यांचा!" लेक दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली, मिस्त्रीच्या पायाशी बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली.

"बाबा?" कुणीतरी पुटपुटलं. पण कुणी ते टिपून घेतलं नाही. दुसऱ्याच क्षणी उरलेले एकोणचाळीस जण मदतीला धावले, आणि एकेका हाताला सात-सात जण लोंबकळल्यावर मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून ओरडला.

दवाखान्यात त्याला सरांनीच नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. आत प्लास्टर चालू असताना बाप-लेक बाहेरच्या बाकावर बसून होते. मध्ये मिस्त्रीची पिशवी. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लोकांसमोर फजिती झाली याचं काही नव्हतं, तिची आता सवय होत चालली होती. पण लेकीने वर्षभर जपलेलं गुपित तिलाच चारचौघांत फोडावं लागलं होतं, आणि तेही बापाला गप्प करण्यासाठी. तिच्याकडे मान वळवून बघण्याचीही त्यांची छाती होईना. बघितलं तेव्हा ती रडत होती.

"मी पाहिलं होतं त्यांना पडताना," ती म्हणाली.

"काय?"

"वरून. सगळ्यात आधी मीच पाहिलं. मला वाटलं, कुणीतरी जाईल. मग तुम्ही आलात. तुम्ही बोलायला लागल्यावर मला सांगायचं होतं. पण बोलले तर सगळ्यांना कळलं असतं मी तुमची कोण ते. म्हणून गप्प उभी राहिले. दहा मिनिटं, बाबा! तो माणूस घामाघूम झाला होता आणि मी माझी अब्रू सांभाळत होते." तिने नाक पुसलं. "तुमचं काय चुकलं? तुम्हाला तर माहीतच नव्हतं."

सुटकेचं दार आयतं उघडलं होतं. सरांनी नुसता एक सुस्कारा टाकला असता, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला असता, तरी निभावलं असतं. भोळा बाप म्हणून तिने त्यांना जन्मभर पदरात घेतलं असतं. सरांनी हात उचललाही. पण तो तिच्या डोक्यापर्यंत जाईना.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"घाम पाहिला तेव्हापासून."

"मग थांबला का नाहीत?"

"वाक्य राहिलं होतं गं."

आता ही उठून जाणार आणि आठ दिवस नाही, वर्षभर बोलणार नाही, अशी सरांनी मनाची तयारी केली. ती उठली नाही. तिने मधली पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि सरकून त्यांच्या शेजारी बसली.

"याला काय म्हणतात ते मात्र आता सांगू नका," ती म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं आणि मिस्त्री कुबडीवर बाहेर आला. दोघं झटकन उठून उभी राहिली. सरांनी हात जोडले. "माफ करा. माझ्या मूर्खपणापायी तुमचे फार हाल झाले."

"होतं असं," मिस्त्री म्हणाला. "पण सर, एक विचारायचं राहिलं. तुम्ही सांगत होतात ना, की गर्दी असली म्हणजे कुणी हात देत नाही? मग पडलेल्या माणसाने करायचं तरी काय?"

सरांनी लेकीकडे पाहिलं. तिने हलकेच होकारार्थी मान हलवली.

"सगळ्यांना मिळून हाक मारायची नाही," सर खालच्या आवाजात म्हणाले. "एकच माणूस निवडायचा. त्याच्याकडे बोट दाखवायचं, त्याची काहीतरी खूण सांगायची आणि त्यालाच म्हणायचं, तुम्ही या. मग त्याला टाळता येत नाही."

मिस्त्री कुबडीवर रेलला. टोमणा मारण्याचा त्याचा अजिबात इरादा नव्हता. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं.

"मग माझं कुठं चुकलं हो?" त्याने विचारलं. "मी तर चष्मेवाले सर म्हणून तुम्हालाच बोलावलं होतं."

"तुमचं काही चुकलं नाही," सर म्हणाले. त्यांनी मिस्त्रीचा मोकळा हात आपल्या खांद्यावर घेतला, आणि दवाखान्याच्या दारापर्यंत कुणालाही काहीही समजावून सांगितलं नाही.